कपाटावरची गिटार खाली कधी काढायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हाला दिसेल. तुम्ही ठाण्यात राहता, वय सव्वीस, सहा वर्षं गिटार वाजवताय. चौघांचा बँड होता. दर रविवारी एकाच्या गच्चीवरच्या खोलीत तालीम, महिन्या-दोन महिन्यांतून कुठेतरी कार्यक्रम. मार्च २०२० मध्ये हे सगळं बंद पडलं. पहिले तीन आठवडे तुम्ही रोज दोन-दोन तास वाजवलंत, मग तासभर, मग कधीतरी. आता एप्रिल २०२१ मध्ये हा दुसरा लॉकडाऊन लागल्यावर गिटार कव्हरमध्ये घालून कपाटावर ठेवून दिलीत. मधे दोनदा व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा प्रयत्न केलात, तर चौघांची भांडणंच झाली. आणि तुमचा प्रश्न असा: "पूर्वी वेळ नव्हता तेव्हा वेळ चोरून वाजवायचो. आता वेळच वेळ आहे तर हात लावावासा वाटत नाही. माझं गिटारवरचं प्रेम खोटं होतं का? विकून टाकू का?"

मी पुण्यात कोथरूडला बावीस वर्षं गिटार शिकवते आहे. गेल्या चौदा महिन्यांत हा प्रश्न मला बऱ्याच विद्यार्थ्यांनी विचारलाय, फक्त शब्द वेगळे. तेरा वर्षांच्या मुलीने विचारलाय आणि बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनीही. शिवाय मागच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवडे मी स्वतः वाद्य उघडलं नव्हतं. त्यामुळे जे सांगते ते ह्या दोन्ही अनुभवांतून.

पण एक गोष्ट आधी बाजूला काढू. घरात कोणी आजारी असेल, कोणी गेलं असेल, नोकरी गेली असेल किंवा तुम्ही स्वतः नुकते कोविडमधून उठला असाल, तर पुढचं काहीही आत्ता तुमच्यासाठी नाही. तेव्हा वाद्य बाजूला राहणं हे योग्यच असतं. माझ्या सासूबाई गेल्या जुलैत रुग्णालयात होत्या, आम्ही बाकीचे घरात चौदा दिवस बंद. त्या दिवसांत मी वाजवलं नाही ह्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तसंच, गिटारच नव्हे तर जेवण, झोप, मित्रांशी बोलणं, ह्यातलं काहीच आठवडेच्या आठवडे नकोसं वाटत असेल तर तो गिटारचा प्रश्न नाही. तो डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे आणि त्यात संकोच करू नये. तुम्ही लिहिलंय की स्वयंपाक करायला लागलोय, क्रिकेट बघतो, मित्रांशी रोज गप्पा होतात, फक्त गिटार नको वाटते. म्हणून पुढे लिहिते.

तुम्ही प्रेमाबद्दल विचारलंत. मी तुम्हाला उलट विचारते, पूर्वीच्या आठवड्यात गिटार तुमच्या हातात नेमकी कशाकशामुळे यायची? आठवून बघा. शुक्रवारी रात्री ग्रुपवर रविवारच्या गाण्यांची यादी पडायची. शनिवारी लोकलमध्ये ती गाणी कानात चालू असायची. रविवारी तयारी न करता गेलं तर बाकीच्या तिघांचे दोन तास फुकट जाणार हे ठाऊक असायचं. वीस तारखेला कार्यक्रम असला की पंधरापासून पोटात कालवाकालव. तुम्ही ज्याला उत्साह म्हणताय तो ह्या सगळ्या खुंट्यांवर टांगलेला होता. लॉकडाऊनने तुमची ओढ नेली नाही, खुंट्या उपटून नेल्या, आणि आता कपडा जमिनीवर पडलाय म्हणून तुम्ही कपड्याला दोष देताय.

हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. माझ्या वर्गात हे मला स्पष्ट दिसलं. मार्च २०२० पर्यंत जे विद्यार्थी सर्वांत जास्त वाजवायचे, स्पर्धा, कॉलेजचे फेस्टिव्हल, बँड असलेले, तेच सगळ्यांत आधी थांबले. आणि ज्या दोन-तीन जणांना मी मनातल्या मनात संथ समजत होते, जे कधी कोणासमोर वाजवायचे नाहीत, ते चालू राहिले. त्यांच्या खुंट्या पहिल्यापासून घरातच होत्या. एकजण रोज सकाळचा चहा गॅसवर चढवला की तो उकळेपर्यंत वाजवायचे. चहा लॉकडाऊनमध्येही उकळतच होता.

दुसरं कारण तारखांचं आहे. २४ मार्च २०२०च्या रात्री एकवीस दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला. म्हणजे १४ एप्रिल. मग ते ३ मे झालं, मग १७ मे, मग ३१ मे. तुम्ही पहिले तीन आठवडे दोन-दोन तास वाजवलंत असं लिहिलंय. ते बरोबर तेवढेच दिवस आहेत. तुमच्या मनाने एक हिशोब मांडला होता, 'बाहेर पडेन तेव्हा हे हे वाजवता येत असेल'. तारीख सरकली, हिशोब चुकला. पुन्हा मांडला, पुन्हा सरकली. २०२१ मध्ये १४ एप्रिलला महाराष्ट्रात निर्बंध लागले ते १ मेपर्यंत, मग १५ मेपर्यंत, मग १ जूनपर्यंत. इतक्यांदा फसल्यावर मन त्या वाटेला जायचंच बंद होतं, आणि त्यात मनाची काही चूक नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की तारीख धरू नका, बैठका मोजा. 'जूनपर्यंत हे गाणं बसवीन' असं म्हणू नका. 'बारा वेळा बसेन' म्हणा. बारा बैठकांना बारा दिवस लागोत नाहीतर पाच आठवडे. बैठकांचा आकडा कोणाच्या आदेशाने पुढे ढकलला जात नाही.

इथे लोक चिल्ल्याचं उदाहरण देतात. तुम्हालाही कोणीतरी पाठवलं असेल, की जुने उस्ताद चाळीस दिवस खोलीत कोंडून घेऊन रियाज करायचे, तुम्हाला तर ही आयती संधी आहे. मला हे उदाहरण पटत नाही. चिल्ला धरणारा तो स्वतः निवडतो, त्याला एक्केचाळिसावा दिवस ठाऊक असतो, दारात जेवण ठेवणारं कोणीतरी असतं आणि बाहेर आल्यावर गुरू ऐकणार असतो. लॉकडाऊनमध्ये ह्यातलं एकही नव्हतं. तसंच जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं. १९२८ मध्ये त्याच्या घोडागाडीतल्या घराला आग लागली, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कायमची आखडली, आणि रुग्णालयातल्या पलंगावर पडल्यापडल्या त्याने उरलेल्या बोटांनी गिटार नव्याने शिकून काढली. हे खरं आहे आणि विलक्षणही आहे. पण ती गिटार रुग्णालयात घेऊन आला होता त्याचा भाऊ. त्याच्यासाठीही एक खुंटी कोणीतरी ठोकून दिली होती. हा अर्धा भाग लोक सांगायचा विसरतात.

तर आता खुंट्या नव्याने ठोकायच्या. पण त्याआधी वाद्य तपासा. हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण 'मन लागत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गिटारच वाजवण्यालायक राहिलेली नसते आणि ते स्वतःला दोष देत बसतात. तुमची गिटार अकूस्टिक आहे, ठाण्याची हवा दमट आहे, आणि मागचा अख्खा पावसाळा ती तुमच्या घरात काढून बसली आहे. लाकूड ओलावा पितं, वरची फळी ब्रिजच्या (तारा खालून अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या) मागे फुगते, तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर उचलल्या जातात. शाळेची पट्टी घ्या आणि बाराव्या फ्रेटवर सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली किती जागा आहे ते बघा. दोन ते अडीच मिलिमीटर ठीक. तीनच्या वर गेली असेल तर एफचा बार धरताना, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबताना, बोटं दुखणारच. तो तुमचा आळस नव्हे.

आत्ता, मे २०२१ मध्ये, दुरुस्तीवाला मिळणार नाही, दुकानं बंद आहेत, ऑनलाइनही फक्त अत्यावश्यक वस्तू येताहेत. तोपर्यंत एक उपाय करा. सगळ्या तारा अर्धा स्वर खाली उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. सुरांची पट्टी तीच राहते, पण तारांचा ताण कमी होतो आणि नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या, बाजूला तारा खाली येतात. हाताला लगेच फरक कळतो. ताण कमी झाल्याने जुन्या तारा तुटायची भीतीही कमी होते, आणि आत्ता नव्या तारा मिळणं अवघड असल्याने हे महत्त्वाचं आहे. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून-खालून पुसा. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने गिटारला हात लावू नका, काही पॉलिश अल्कोहोलने खराब होतात. साबणाने हात धुऊन, पुसून मगच घ्या. तार तुटलीच तर पाच तारांवर वाजवा. माझ्या एका विद्यार्थ्याची पहिली तार गेल्या एप्रिलमध्ये तुटली ती जूनपर्यंत मिळाली नाही. तो नाइलाजाने जाड तारांवर धुना काढायला लागला, आणि त्याचा अंगठा आज माझ्या बाकी सगळ्या विद्यार्थ्यांपेक्षा स्वतंत्र चालतो.

आणि गिटार कपाटावरून खाली काढा. खोलीत जिथून दिवसातून दहादा जाता तिथे उभी करा, खिडकीपासून लांब, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. पाऊस सुरू झाला की रात्री कव्हरमध्ये घाला, सोबत बुटांच्या खोक्यात येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या टाका. मात्र सकाळी पुन्हा बाहेर काढायची. स्टूल ओढून, चढून, चेन उघडून वाद्य काढावं लागत असेल तर ते दमलेल्या माणसाच्या हातून होणार नाही.

आता पहिली खुंटी. मी माझ्या सहा आठवड्यांतून कशी बाहेर पडले ते सांगते. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने ऑगस्टमध्ये फोन केला. त्याची गिटार बेसूर झाली होती आणि मोबाइलवरचं ट्युनर त्याला वापरता येत नव्हतं. त्याला एकेक स्वर फोनवरून द्यायचा म्हणून मला माझी गिटार काढून आधी सुरात लावावी लागली. फोनवर जाड तार नीट ऐकू जात नाही, तिचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा, फोनला तो पेलवत नाही. म्हणून आम्ही बारीक तारांकडून सुरुवात केली. वीस मिनिटं गेली. त्याचा फोन ठेवल्यावर गिटार माझ्या मांडीवर होती आणि ती सुरात होती. मी दहा मिनिटं वाजवलं. काय वाजवलं ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी फक्त एवढंच ठरवलं, की रोज सुरात लावायची. वाजवायचं नाही, फक्त लावायची.

तेव्हापासून हाच नियम मी विद्यार्थ्यांना देते आणि तुम्हालाही देते. पहिले सात दिवस रोज एकदा सहा तारा सुरात लावा आणि खाली ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. वाजवावंसं वाटलं तर वाजवा, नाही वाटलं तर दिवस भरला असं धरा. ह्यामागचं कारण असं की गिटार उचलायला लागणारी मेहनत आणि वाजवायला लागणारी मेहनत ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अडकायला होतं ते पहिल्या गोष्टीत. सुरातली गिटार मांडीवर असताना तशीच खाली ठेवणं फार कमी लोकांना जमतं. ज्यांना जमतं त्यांचाही नियम मोडत नाही, म्हणून ते दुसऱ्या दिवशी लाजत नाहीत.

वेळ सकाळची धरा, लॅपटॉप उघडायच्या आधी. तुम्ही घरून काम करता, नऊ-दहा तास मान खाली आणि मनगटं वळलेली. रात्री नऊला गिटार घेतली की खांदे पुन्हा त्याच कोनात जातात आणि शरीराला ती ऑफिसचीच पुढची पाळी वाटते. शक्य असेल तर खुर्चीही वेगळी घ्या. बोटांचे घट्टे आता मऊ झाले असतील, ते परत यायला दोन-तीन आठवडे लागतील. तोपर्यंत दहा मिनिटांच्या वर जाऊ नका. त्वचा दुखली तर चालेल, मनगट किंवा कोपर दुखलं तर त्याच क्षणी थांबा. घरात इतरांचे कॉल चालू असतील तर ब्रिजजवळ तारांखाली पायमोजा खोचा. आवाज दबतो, डाव्या हाताचं काम पूर्ण होतं.

दुसरी खुंटी ऐकणाऱ्याची आहे आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी. तुमचे श्रोते गेले म्हणता, पण घरात आई आहे. तुम्ही लिहिलंय की तिला 'माझं संगीत' कळत नाही. मग तिचं संगीत घ्या. ती स्वयंपाकघरात काय गुणगुणते ते दोन दिवस ऐका. भावगीत असेल, भूपाळी असेल, एखादा अभंग असेल. त्याला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) शोधून द्यायचे, हे तुमचं काम. हे वाटतं तितकं सोपं नाही, आणि म्हणूनच सहा वर्षं वाजवलेल्या माणसाला ते पुरेसं खाद्य देतं.

एक उदाहरण देते. समजा ती जे गाते ते भूप रागातलं आहे. भूप म्हणजे सा रे ग प ध, मध्यम (म) आणि निषाद (नि) वर्ज्य. तुम्ही 'जी' (G) स्वराला सा मानून सवयीने जी, सी, डी हे कॉर्ड वाजवायला जाल. सी कॉर्डचा मूळ स्वरच मध्यम आहे आणि डी कॉर्डच्या पोटात एफ शार्प, म्हणजे शुद्ध निषाद आहे. दोन्ही कॉर्ड गाण्याला नको असलेला स्वर घेऊन येतात. आई सुरात गाते, तुम्ही सुरात वाजवता, तरी काहीतरी परकं वाटतं, त्याचं कारण हे. आता जी मेजर आणि ई मायनर ठेवा, डीच्या जागी डी सस टू (Dsus2) घ्या आणि एक ए सस फोर (Asus4). हे चारही कॉर्ड केवळ भूपाच्या पाच स्वरांत बसतात. वाजवून बघा, गाण्याभोवतीची हवा मोकळी होते. काही संगीतकारांनी भूपाच्या चालीखाली मुद्दाम मध्यम-निषादाचे कॉर्ड घातलेत आणि ते सुंदरही लागतात, पण ते निवडून केलेलं असतं. यमन असेल तर आणखी मजा आहे. तिथे मध्यम तीव्र आहे, म्हणजे जी पट्टीत सी शार्प, तर साध्या सी कॉर्डऐवजी ए मेजर येतो.

आणि तिच्या पट्टीत वाजवा, तिला तुमच्या पट्टीत ओढू नका. बायकांचा आवाज बऱ्याचदा काळी चार, काळी पाचला (पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला) बसतो. जीच्या बोटांनी वाजवायचं असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावलात की काळी चार, तिसऱ्या फ्रेटवर लावलात की काळी पाच (तारा अर्धा स्वर उतरवल्या असतील तर दोन्हीकडे एकेक फ्रेट पुढे). माझ्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी आजीसाठी असं एक भजन बसवलं. गणपतीत मंडळाचा कार्यक्रम नव्हता, घरच्या आरतीनंतर दोघांनी ते म्हटलं. तेव्हापासून आजी रोज संध्याकाळी विचारते, आज बसायचं का. अशी खुंटी मी वर्गात दहा वर्षं शिकवून देऊ शकत नाही.

आता बँड. व्हिडिओ कॉलवर तुमची भांडणं झाली ह्यात कोणाचीही चूक नव्हती. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण चौतीस सेंटिमीटर जातो. गच्चीच्या खोलीत तुम्ही एकमेकांपासून तीन मीटरवर असाल तर एकाचा ठोका दुसऱ्याला नऊ मिलिसेकंदांनी पोचायचा. तेवढं कानाला कळतही नाही. व्हिडिओ कॉलवर सहज दीडशे मिलिसेकंदांचा उशीर होतो. म्हणजे तुमच्यात आणि ड्रमरमध्ये पन्नास मीटर अंतर टाकून 'लयीत वाजव' म्हणण्यासारखं आहे. तुम्ही त्याच्यासाठी थांबता, तो तुमच्यासाठी थांबतो, लय पडत जाते आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा खेचतोय. शिवाय व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर गिटारच्या लांबणाऱ्या स्वराला खोलीतला गोंगाट समजून कापून टाकतं. मी महिनाभर एका मुलीला 'तारा लवकर का दाबतेस' म्हणून टोकत होते, नंतर कळलं की मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय सेटिंगमध्ये वेगळी चालू करावी लागते.

म्हणून एकत्र वाजवू नका, एकामागून एक वाजवा. लय ठरवा, समजा मिनिटाला ९२ ठोके. पहिल्याने मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ठोके देणारं साधन) कानात ठेवून, सुरुवातीचे चार ठोके मोजून, आपला भाग मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. दुसऱ्याने तो कानात ऐकत आपला भाग त्यावर चढवायचा. बँडलॅबसारखं मोफत ॲप मोबाइलवर हे करतं, संगणकावर ऑडॅसिटी आहे. दोन गोष्टी सांभाळा. इअरफोन वायरचेच घ्या, ब्लूटूथचे उशीर करतात आणि सगळं पुन्हा लयीबाहेर जातं. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोटमध्ये आवाजाचा जीव जातो. ड्रमरकडे इमारतीत ड्रम वाजवायची सोय नसणार. त्याला उलटा डबा आणि झाडूच्या काड्या घेऊ देत. माझ्या विद्यार्थ्यांनी त्यावर फार छान काम केलंय.

ह्यात सर्वांत कामाची गोष्ट रेकॉर्डिंगचा दर्जा नाही, पाळी आहे. फाइल तुमच्याकडे आली की अठ्ठेचाळीस तासांत तुमचा भाग जोडून पुढे गेली पाहिजे, जशी जमेल तशी. कोणाचा भाग कच्चा आहे ह्यावर चर्चा नाही. तुमच्या रविवारात जे बळ होतं ते ह्याच गोष्टीचं होतं, की कोणीतरी तुमच्यासाठी थांबलंय. ते रविवार सोडूनही उभं करता येतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर असं: वाद्य तपासून नजरेसमोर ठेवा, आठवडाभर फक्त सुरात लावा, मग बारा बैठका मोजून एकच गाणं घ्या, ते घरातल्या एका माणसासाठी असू दे, आणि समांतर बँडची फाइल फिरू दे. एकच गाणं म्हणताना मला पूर्ण गाणं म्हणायचंय. आपल्याकडच्या बहुतेक हौशी वादकांना वीस गाणी अर्धी येतात, सुरुवातीची धून, एक कडवं, आणि मग 'पुढे असंच आहे'. शेवट येत नाही. ज्याला शेवट नाही त्याला बैठक नाही, कारण कधी उठायचं तेच कळत नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला सध्या करू नका म्हणेन, ती म्हणजे इतरांचे लॉकडाऊनमधले व्हिडिओ बघणं. २०२० मध्ये जगभर गिटारची विक्री प्रचंड वाढली, फेंडरसारख्या गिटार बनवणाऱ्या कंपनीने सुरुवातीलाच ऑनलाइन धडे तीन महिने मोफत दिले, आणि लाखो लोकांनी पहिल्यांदा गिटार हातात घेतली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण नवशिक्याची पहिल्या दोन महिन्यांतली झेप आणि सहा वर्षं वाजवणाऱ्याचे दोन महिने ह्यांची तुलना होत नाही. त्याला रोज नवा कॉर्ड सापडतो. तुम्हाला तो आनंद आता कानातून मिळणार आहे, वर भूपाचं सांगितलं तसा.

शेवटी विकण्याबद्दल, कारण तो तुमचा खरा प्रश्न होता. आत्ता विकू नका, आणि कारण व्यवहाराचं आहे. ह्या लॉकडाऊनमध्ये बाजार बंद, गिऱ्हाईक बघायला येऊ शकत नाही, तारा जुन्या, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर गेलेली, येईल ती किंमत कवडीमोल असेल. बारा बैठका होऊ द्यात, दुरुस्ती होऊ द्यात, मग ठरवा. तेव्हाही नकोच वाटली तर खुशाल द्या. माझ्या एका विद्यार्थ्याने सात वर्षांनी आपली गिटार शेजारच्या नववीतल्या मुलीला अर्ध्या किमतीत दिली आणि तो आता तबला शिकतो. ती मुलगी दर शनिवारी माझ्याकडे ऑनलाइन येते. परवा तिची चौथी तार तुटली, तर नवी मिळेपर्यंत काय करायचं हे तिला त्यानेच खिडकीतून समजावून सांगितलं.